रोही आधी की बैल?

होळी होऊन गेली होती. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून वनरक्षकांचा फोन आला. "साहेब, नाल्यात रोहीचं पिल्लू मरून पडलंय. कालपासून दोन मोठे रोहीही लंगडताना दिसतायत. गावातली माणसं खवळलीयत, गुरांना रोग यांनीच आणला म्हणतात." रोही म्हणजे नीलगाय.

पोहोचलो तेव्हा बऱ्याच गोठ्यांत लाळ-खुरकूत, म्हणजे तोंडात आणि खुरांत फोड आणणारा विषाणूचा रोग, शिरलेली होती. एक आप्पा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "डाक्टरसाहेब, बैल काहीच खास नही, नुसती लाय गयस." म्हणजे बैल काहीच खात नाही, नुसती लाळ गळते. लोकांचा राग मला कळत होता. हरभरा रोह्यांनी खाल्ला, मका रोह्यांनी तुडवला, आणि आता बैलही बसले. "एकदाचा यांचा बंदोबस्त करा," असं दोघा-तिघांनी मला तोंडावर सांगितलं.

आधी नाल्यात गेलो. पंचनामा वनखात्याने केला, शवविच्छेदन मी. पिल्लाच्या जिभेवर नुकताच फुटलेला फोड होता. कातडीची चिंधी लोंबत होती आणि खालचं मांस लालभडक होतं. हृदय उघडलं तर स्नायूंवर वाघाच्या अंगावर असावेत तसे फिकट पट्टे. लहान जनावरांत हा विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर जातो. वासरं तोंडात फार जखमा दिसायच्या आत मरतात, ती यामुळेच. ते हृदय हातात घेऊन मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. गोठ्यातलं वासरू मेलं तर निदान कुणी रडतं तरी.

या रोगात जखमेचं वय सांगता येतं, आणि मला तेच हवं होतं. पहिले एक-दोन दिवस फोड पाण्याने भरलेला किंवा ताजा फुटलेला असतो. चार-पाच दिवसांत लाली उतरून कडा बोथट होतात. आठवडा-दहा दिवस उलटले की फिकट, किंचित खोलगट वण उरतो. पिल्लाची जखम ताजी होती. वनरक्षकांची गस्त रोज त्याच पाणवठ्यावरून जायची, आणि त्यांनाही लंगडणारे रोही कालच पहिल्यांदा दिसले होते. आता गावातली सर्वांत जुनी जखम शोधायची.

मी आणि आमचे पशुधन पर्यवेक्षक घरोघर निघालो. प्रत्येक गोठ्यातून बाहेर पडताना गमबूट धुण्याच्या सोड्याच्या चार टक्के द्रावणात बुडवायचे, कारण हा विषाणू आपल्या पायांनीही फिरतो. तारीख विचारली की कुणालाच सांगता येत नव्हती. मग मी होळीआधी भरणारा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार धरून विचारायला लागलो. तुमच्या गाईची लाळ भोंगऱ्याआधी गळाली की नंतर? मग मात्र उत्तरं पटापट आली. "भोंगऱ्याला गेलो तेव्हा चांगली होती." "भोंगऱ्यावरून आलो तर खाली बसलेली." वहीत घरांचा क्रम लागत गेला आणि पाड्याच्या शेवटच्या घराशी येऊन थांबला.

तिथला बैल मजेत कडबा खात होता. कानात बारा अंकी बिल्ला नव्हता, म्हणजे लसीची नोंदही नव्हती. मालक म्हणाले, "याला काही झालेलं नाही साहेब." जीभ धरून बाहेर ओढली. मधोमध काटे नसलेला, गुळगुळीत, फिकट वण. मग ते हळूच म्हणाले, "भोंगऱ्याआधीच बाजारातून आणला. दोन-चार दिवस खात नव्हता. वाटलं, प्रवासानं थकला असेल." बैल रोज पाणवठ्यावर जात होता. दिवसा तिथे गावची गुरं पाणी पितात, रात्री रोही. संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जातात. हिशेब चोख बसला.

आप्पांच्या आजारी बैलाच्या आणि पिल्लाच्या जखमांच्या कडांचे तुकडे ग्लिसरीनच्या द्रावणात, बर्फात ठेवून पुण्याला तपासणीसाठी पाठवले. दोन्हींत या विषाणूचा 'ओ' प्रकार निघाला. पण 'ओ' आपल्या देशात सर्रास सापडतो, त्यामुळे एवढ्यावरून नातं सिद्ध होत नाही. माझा भरवसा जिभेवरच्या वणावर आणि भोंगऱ्यावर होता.

संध्याकाळी पारावर सगळे जमले. रोग बाजारातून गुरांत आला आणि गुरांतून रोह्यांत गेला, एवढंच सांगितलं. घर सांगितलं नाही. नाव फोडलं तर पुढच्या वेळी आजारी बैल दाखवायला कुणी पुढे येणार नाही, हे माझं ठाम मत आहे. पावरा या आदिवासी समाजातल्या एका म्हाताऱ्या आजोबांना बुळकांडी, म्हणजे गुरांचा जुना जीवघेणा साथीचा रोग, आठवत होती, त्यात जंगलातले गवेही मरायचे, असं ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं, बुळकांडी २०११ साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. लस गुरांनाच टोचली होती, पण गवेही सुटले.

दुसऱ्या दिवसापासून भोवतालच्या निरोगी गावांत, बाहेरून आत येत, लसीकरण सुरू केलं. पाड्यावरच्या गुरांना गोठ्यातच पाणी द्यायला लावलं. वनखात्याने आतल्या पाणवठ्यात टँकरने पाणी सोडलं, म्हणजे रोह्यांना खाली उतरायला नको. पण काम संपलेलं नाही. बरी झालेली गुरं घशात हा विषाणू महिनोन् महिने बाळगू शकतात, काही तर तीन वर्षांपर्यंत. लसीकरणाच्या पुढच्या फेरीत या पाड्यावरच्या प्रत्येक जनावराला बिल्ला मारायचा आहे, आणि शेवटच्या घरातल्या बैलाचं रक्त सर्वांत आधी घ्यायचं आहे.