सुरूच्या बुंध्याला बांधलेला घोडा

काशीदच्या किनाऱ्यावर तंबूशेजारी, सुरूच्या बुंध्याला घोडा बांधलेला. दोर लांबलचक, तोही गुडघ्याच्या उंचीवर; चारा थेट वाळूत. "मोकळं फिरता येतं ना त्याला," मालक म्हणाला.

तो मोकळेपणाच रात्री पायात गुंततो. दोन झाडांमध्ये 7 फूट उंचीवर दोर ताणायचा, बुंध्यांना आधी गोणपाट गुंडाळून. घोड्याचं दावं त्या दोराला, तोंड जेमतेम चाऱ्यापर्यंत पोचेल एवढंच. गाठ एका ओढीत सुटणारी. (माडाखाली नकोच. नारळ बघून पडत नाही.)

चारा ताडपत्रीवर किंवा घमेल्यात. वाळू आतड्यात साचली की पोटशूळ उठतो. शंका असेल तर लीद बादलीभर पाण्यात कालवा, वाळू तळाला बसते. पाणी दिवसाला 30-40 लिटर, उकाड्यात आणखी.

स्वतःसाठी चटई आणता, मग घोड्यासाठी ताडपत्री का नाही?