बॅरल नुसतं रिकामं करू नका, आतून घासा

पंचगंगा चढली की कोल्हापुरात नळाचं पाणी तुटतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली आणि शहर टँकरवर आलं. त्यामुळे पावसाळ्यात बॅरल, हौद, पिंप, असेल ते भरून ठेवायची सवय पेठापेठांत मुरली आहे. सवय चुकीची नाही, पण डेंग्यूचा डास नेमका याच पाण्यावर वाढतो. आपण बोट दाखवतो गटारीकडे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला आवडतं ते घरातलं स्वच्छ, न हलणारं पाणी.

मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओलसर भिंतीला चिकटवते. काळी, मोहरीहून कितीतरी बारीक. पाणी ओतून टाकलं तरी ती तिथंच राहतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. बॅरल पुन्हा भरलं, पाणी त्या रेषेवर चढलं की अळ्या बाहेर. पुढं डास उडायला साधारण आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एकदा काथ्यानं आतली भिंत, विशेषतः वरची कड, खसाखसा घासायची आणि ते पाणी कोरड्या मातीवर ओतायचं. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा. फ्रीजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर आणि जनावरांची डोण हमखास विसरली जाते.

डेंग्यूचा विषाणू जेमतेम ५० नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरात ओळीनं २०,००० बसतील. तो पेशीला चिकटतो आणि पेशीच त्याला पिशवीत गुंडाळून आत घेते. पिशवीत आम्लता वाढते, तशी विषाणूवरची प्रथिनं आकार बदलतात, त्याचं आवरण पिशवीच्या पापुद्र्यात मिसळतं आणि आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय आराखडा, पेशीत उतरतो. पेशी तो वाचून एक लांबलचक प्रथिन बनवते. त्याचे १० तुकडे पडतात: ३ नव्या विषाणूच्या बांधणीला, ७ मुख्यतः नकला काढण्याच्या कामाला. त्या ७ पैकी एनएस१ नावाचं प्रथिन रक्तात सांडतं. म्हणून तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ तपासायचं, नंतर आयजीएम, म्हणजे शरीरानं विषाणूशी लढायला बनवलेली प्रतिपिंडं.

साथीचं गणित इथं महत्त्वाचं. रुग्णाला चावलेल्या डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला विषाणूला ८ ते १२ दिवस लागतात. पुढच्या माणसाला ताप यायला आणखी ४ ते ७. म्हणजे गल्लीतला आजचा ताप दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या रुग्णाकडून आलेला असतो. रुग्णाच्या रक्तात विषाणू ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पुढं पाचेक दिवस असतो, आणि हा डास दिवसा चावतो. तेव्हा रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. त्यानं शेजारी वाचतात. धुरळणीनं फक्त उडते डास मरतात, अंड्यांना काही होत नाही.

डेंग्यूचे प्रकार ४. एकदा झाल्यावर दुसऱ्या प्रकाराचा झाला तर जुनी प्रतिपिंडं विषाणूला निकामी करण्याऐवजी पांढऱ्या पेशींत शिरायला मदतही करू शकतात, म्हणून दुसरी खेप जास्त धोक्याची.

आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरताना रक्तातला द्रव केशवाहिन्यांबाहेर झिरपू लागतो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय, सुस्ती: यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना गाठा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो.