कारासयोकला फक्त एक ढोल बघायला गेलो होतो (जाणार असाल तर वाचा)

नोकरीमुळे गेली तीन वर्षं स्टॉकहोमला आहे. सामी लोकांच्या (म्हणजे नॉर्वे-स्वीडन-फिनलंडच्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या) जुन्या ढोलांचा सगळ्यात मोठा संग्रह इथल्या नॉर्डिक म्युझियमकडे आहे, ट्रामने जाता येतं, पण मला हे कळायला दीड वर्ष लागलं. त्यातही गंमत अशी की संग्रहातले सगळे ढोल काही बाहेर मांडलेले नसतात, बरेचसे म्युझियमच्या गोदामात असतात. म्हणून ढोलांसाठीच येणार असाल तर आधी मेल टाकून काय मांडलंय ते विचारा.

मला बघायचा होता तो ढोल मात्र पार वर, नॉर्वेत, कारासयोकला. सप्टेंबरच्या शेवटी चार दिवस सुट्टी टाकली. हेलसिंकीवरून विमानाने इवालो, तिथून बसने इनारी साधारण ४० किलोमीटर, मग पुढे कारासयोक. झाडं सगळी पिवळी-लाल झालेली, आणि रस्त्यात रेनडिअर अशी निवांत उभी की आपल्याकडच्या हायवेवरच्या गायी आठवल्या. गाडी भाड्याने घेणार असाल तर अंधार पडल्यावर हळू चालवा, ती बाजूला होत नाहीत.

आता ढोल म्हणजे ढोल-ताशातला ढोल डोळ्यापुढे आणू नका. डफासारखा एका बाजूने कातडं लावलेला, लंबगोल. काही ठिकाणी लाकडाची पट्टी वाकवून कडं करायचे, काही ठिकाणी झाडाची गाठ कोरून परातीसारखं खोल भांडं, आणि मागच्या बाजूला धरायला मूठ त्याच लाकडात कोरलेली. वर रेनडिअरचं कातडं, त्यावर अल्डर झाडाच्या सालीच्या रसाने लालसर चित्रं: माणसं, देव, रेनडिअर, होड्या. वाजवण्याआधी विस्तवावर शेकून कातडं ताणायचे, आपली हलगी शेकतात तसं. मग कातड्यावर पितळी कडी ठेवायची आणि शिंगाच्या हातोडीने ठोकायचं, की कडी थरथरत सरकते आणि कुठल्या चित्रावर थांबते त्यावरून उत्तर. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावच्या देवळातला कौलच आठवला, गुरव देवाला कळे (फुलांच्या कळ्या) लावतो आणि सगळा गाव श्वास धरून बघतो की उजवा पडतो का डावा. अगदी तेच आहे असं म्हणत नाही, पण अंगावर काटा आला हे खरं.

तर कारासयोकमधला ढोल अँडर्स पॉल्सेन नावाच्या म्हाताऱ्या नोआइदीचा. नोआइदी म्हणजे साधारण आपल्याकडचा भगत. डिसेंबर १६९१ मधे ढोल जप्त झाला, फेब्रुवारी १६९२ मधे उत्तर नॉर्वेतल्या वाड्सो गावी जादूटोण्याचा खटला. त्याने कोर्टातच ढोल वाजवून दाखवला आणि एकेक चित्र म्हणजे काय ते सांगितलं, कारकुनाने लिहून घेतलं. बाकीच्या बहुतेक ढोलांबद्दल फक्त पाद्र्यांचे नाहीतर पंडितांचे अंदाज आहेत, इथे खुद्द मालकाचा शब्द आहे, तोही जीव धोक्यात असताना दिलेला, त्यामुळे किती जपून बोलला असेल ते आपणच समजायचं. निकाल लागायच्या आधीच कोठडीत एका माणसाने कुऱ्हाडीने त्याचा खून केला. ढोल गेला कोपनहेगनला राजाच्या संग्रहात.

म्हणजे म्युझियममधले हे ढोल सगळेच काही कोणी विकत घेऊन ठेवलेले नाहीत, बरेचसे चक्क जप्त केलेले आहेत. स्वीडनमधे १६९३ साली आर्येप्लोगला लार्स निल्सनला त्याच्या ढोलासकट जाळलं. नॉर्वेत थॉमस फॉन वेस्टेन नावाच्या मिशनऱ्याने शंभराच्या आसपास ढोल गोळा केले, त्यातले बहुतेक १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत गेले. एर्न्स्ट मांकर या स्वीडिश संशोधकाने १९३८ आणि १९५० च्या दोन खंडांत नोंद केली ती जेमतेम ७१ ढोलांची, युरोपभर विखुरलेल्या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधेही आहे. लेबलवर बहुतेक ठिकाणी ‘संग्रह’ लिहिलेलं असतं, ‘जप्त’ नाही. मी आता लेबल वाचताना हेच आधी शोधतो.

पॉल्सेनचा ढोल १९७९ पासून कारासयोकच्या सामी म्युझियममधे होता पण उसना, मालकी डेन्मार्कची. २०२२ मधे मालकी सामींकडे आली. खोलीत उजेड मंद आहे, डोळे सरावायला दोन मिनिटं जातात, घाई करू नका. चित्रांच्या आडव्या ओळी आहेत आणि रेषा इतक्या साध्या की लहान मुलाने पाटीवर काढल्यासारख्या. मी अर्धा तास तरी तिथेच होतो. संध्याकाळी काकांना फोनवर सगळं सांगितलं, ते मालवणीत एवढंच म्हणाले, “मगे आता थय कौल कोण लावता?” मला उत्तर देता आलं नाही.

माझा घोळ सांगतो म्हणजे तुमचा होणार नाही. फिनलंड नॉर्वेच्या एक तास पुढे आहे. माझं मनगटी घड्याळ फिनलंडवरच राहिलं, मी म्युझियमच्या दारात तासभर आधी हजर, गारठा असा की हातमोज्यात बोटं वळेनात. बसचं तिकीट बघतानाही वेळ कुठल्या देशाची ते नीट बघा. सीझन संपला की म्युझियमच्या वेळा कमी होतात म्हणून वेबसाइट बघूनच बस बुक करा. पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड जवळ ठेवा. रोख पैसे लागलेच नाहीत, सगळीकडे कार्ड. नॉर्वेत रविवारी मोठी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान घ्या, शाकाहारी असाल तर तर नक्कीच, मी मेतकूट आणि तांदळावर दोन रात्री काढल्या.

‘लॅप’ हा शब्द वापरू नका, त्यांना तो अपमानाचा वाटतो, सामी म्हणा. सुवेनिरचे छोटे ढोल दुकानात दिसतील, घ्यायचेच तर सामी दुओद्यीचं चिन्ह बघून घ्या, ते सामी कारागिरांच्या कामावर असतं. आणि येताना इनारीच्या सीडा म्युझियमला अर्धा दिवस ठेवाच. २०२१ मधे हेलसिंकीच्या नॅशनल म्युझियमने दोन हजारांवर सामी वस्तू तिथे परत दिल्या. मी बस गाठायच्या नादात तिथे दीडच तास दिला, परत जावं लागणार आहे.