चिऱ्याचं गॅरेज आणि जुलै: कुठवर आलंय

जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर जीआय पत्रा, खाली कोबा. कोकणातल्या अशा गॅरेजात सुतारकाम करायचं म्हणजे रंध्याचं पातं आणि गंज यांची शर्यत. यंदा ती जरा माझ्या बाजूने झुकली आहे.

आधी हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलसर केलं आणि दोन्ही एका डब्यात बंद केले. दुसऱ्या दिवशी आकडा 75 हवा; माझा 71 दाखवत होता. म्हणजे चार मिळवायचे.

भिंतीला आतून प्लास्टिक लावा, असं कॅनडातले सुतार व्हिडिओत सांगतात. तिकडे ते बरोबर आहे, कारण हिवाळ्यात बाष्प आतून बाहेर जायला बघतं. आपल्याकडे पावसाळ्यात ते बाहेरून आत येतं, आणि आतलं प्लास्टिक ओल चिऱ्यातच कोंडतं. पडवीला झापं बाहेरूनच बांधतात ना! म्हणून बाहेर गिलावा आणि वॉटरप्रूफिंग, आत नुसता चुना.

पत्र्याचं गणित वेगळं. हवा 28 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल, तर 26 अंशांच्या आसपास दव धरतं. पाऊस उघडून आभाळ निवळलं की पत्रा रात्री तेवढा सहज गार होतो, आणि खालून ठिबकायला लागतो. इथे आतली हवा पत्र्याला भिडूच द्यायची नाही. खालून फॉइलची बबल शीट लावली, सांधे फॉइल टेपने बंद केले, पन्हळींची तोंडं फोमने बुजवली. हे शेवटचं काम कंटाळवाणं, पण ते टाळलंत तर शीटचा खर्च वाया.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं बाष्प ओढून टाकीत साठवणारं यंत्र, मी मुद्दाम उशिरा लावला. शटरखाली बोटभर फट असताना टाकी भरत राहते, आकडा हलत नाही. रबरी पट्टी बसल्यावर तो साठीच्या आत आला. लोखंडाला तेवढं पुरतं, सागवानही शांत राहतं.

पटाश्यांच्या कपाटात जुना पिवळा बल्ब ठेवलाय. पाण्याचा एक थेंबही न काढता, हवा 28 वरून 33 अंशांवर गेली की नव्वदचे सत्तरच्या आत येतात.

राहिला कोबा. त्यावर पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवला, तर सकाळी थेंब खालच्या अंगाला. म्हणजे ओल जमिनीतून येते आहे. त्यावर इपॉक्सीचा ओलरोधक थर दिवाळीनंतर, कोबा वाळल्यावर. तोवर फळ्या रिपांवर उचलून ठेवल्यात.