तुम्ही विचारलंत म्हणून: मजा करून आल्यावर वाईट कशाला सांगायचं?

शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी रात्री संपणारा संगीत महोत्सव म्हटला की आमचा ग्रुप जातोच. परत आल्यावर सगळे आधी झोप काढतात आणि मग दोन-तीन दिवसांत एकदा निवांत बसतात. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या: सगळ्यात भारी काय होतं आणि सगळ्यात नकोसं काय झालं. हे कळलं की लोक हमखास विचारतात, "सगळे एकत्रच होतात ना, मग एकमेकांना नव्याने काय सांगता?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच, "इतकी मजा करून आलात, तर वाईट कशाला उकरून काढता?" आजवर मी उभ्याउभ्या काहीतरी बोलून वेळ मारून नेत आले. आज नीट सांगते.

आम्ही एकत्र जातो, एकाच तंबूत झोपतो, पण ऐकून येतो ते प्रत्येकाचं वेगळं असतं. एका वेळी दोन-तीन स्टेजवर कार्यक्रम चालू असतात, त्यामुळे ग्रुप फुटतोच, हे झालंच. पण एकाच स्टेजसमोर, एकाच बँडला उभे असलो तरी आमच्या कानांवर एकच गोष्ट पडत नाही, आणि हे मला फार उशिरा समजलं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला ड्रमवर काठी पडताना दिसते आणि ठोका सुमारे पाव सेकंदाहून थोडा उशिराच ऐकू येतो. म्हणून मोठ्या मैदानात मधेमधे स्पीकरचे मनोरे उभे करतात आणि त्यांच्यातला आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे स्टेजवरून येणारा आणि मनोऱ्यातून येणारा आवाज कानाशी एकदम पोचतो. बेसची, म्हणजे खालच्या, जाड सुरांची, तऱ्हा आणखी वेगळी. स्टेजच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर ठेवलेल्या सबवूफरचा, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, आवाज मैदानाच्या मधल्या पट्ट्यात एकमेकांत मिळून दणदणतो. तिथून काही पावलं बाजूला सरका, तोच बेस पातळ होतो.

याचा पुरावा आमच्या घोळक्यातच मिळाला. आमच्यातली एकजण एका गायिकेसाठी कॉलेजपासून वेडी आहे. त्या दिवशी ती दुपारपासून अगदी पुढच्या कठड्याला धरून उभी राहिली. पाणीसुद्धा बेताने प्यायली, कारण जागा सोडून जायचं नव्हतं. मी मागे, जिथे साउंडवाले आवाज जुळवायचा कन्सोल घेऊन बसतात त्याच्या जवळ होते. मला ते गाणं असं ऐकू आलं की प्रत्येक श्वास वेगळा कळत होता. मी नंतर तेच घोळवत बसले होते. बैठकीत तिची सांगायची वेळ आली तेव्हा ती थोडं थांबली आणि म्हणाली, "मला तिचे ओठ दिसत होते, शब्द नव्हते." वर टांगलेले मुख्य स्पीकर कठड्यापाशी उभ्या असलेल्यांच्या डोक्यावरून मागे आवाज फेकतात, पुढच्यांसाठी स्टेजच्या काठावर छोटे स्पीकर असतात, आणि त्या रात्री जमिनीवरच्या सबवूफरपुढे त्यांचं काही चाललं नसावं. तिच्या बरगड्यांत बेस वाजत होता आणि शेजारचे घसा फाडून गात होते. इतकी वर्षं वाट पाहिलेलं गाणं तिने ऐकलंच नाही, आणि आम्ही बाकीचे तिला "काय नशीब गं तुझं, एवढ्या जवळून!" म्हणत होतो. त्या बैठकीत तिने सांगितलं नसतं तर आयुष्यभर तेच म्हणत राहिलो असतो. तिला ते प्रत्येक वेळी हसून ऐकून घ्यावं लागलं असतं.

महोत्सवांच्या इतिहासातलं मला सर्वांत जवळचं उदाहरण पंडित रविशंकरांचं आहे. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेमध्ये १६ ते १८ जून १९६७ असा तीन दिवसांचा महोत्सव झाला. शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी, रविशंकरांची सतार आणि उस्ताद अल्लारखाँचा तबला. समोर रॉक ऐकायला आलेली तरुण मंडळी. त्यांनी ती दीर्घ मैफल मन लावून ऐकली आणि शेवटी उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच दिवशी रात्री रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने वाजवणं संपवताना स्वतःची गिटार पेटवून दिली. हजारो लोकांसाठी तो त्या तीन दिवसांचा कळस होता, आजही त्याचंच छायाचित्र सगळीकडे दिसतं. रविशंकरांना मात्र त्याने मनापासून दुःख झालं. वाद्याला आपण देवासारखं मानतो, ते असं जाळलेलं बघवेना, असं ते पुढे सांगत राहिले. एकच दिवस, एकच स्टेज. एकाच माणसाच्या वाट्याला आयुष्यातली एक उत्तम दुपार आली आणि त्याच रात्री मनाला लागलेली जखमही आली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी की त्यांनी दोन्ही सांगितलं. मॉन्टेरेच्या श्रोत्यांचं कौतुक करताना गिटारीचं दुःख गाळलं नाही, आणि ते दुःख सांगताना कौतुकात हात आखडता घेतला नाही.

दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९६९ च्या रात्री ते अमेरिकेतल्याच वुडस्टॉक महोत्सवात पावसात वाजवायला बसले. त्या चिखलातल्या गर्दीबद्दल ते नंतर चांगलं बोलले नाहीत. तिकडे जगभर वुडस्टॉक म्हणजे प्रेम आणि शांतीचं दुसरं नाव झालं होतं. रविवारी संपायचा तो कार्यक्रम सोमवारी सकाळपर्यंत लांबला आणि हेंड्रिक्स वाजवायला आला तेव्हा बहुतेक माणसं मैदान सोडून गेलेली होती. "मी वुडस्टॉकला होतो" असं सांगणाऱ्या दोघांनी नक्की काय ऐकलं, काय पाहिलं, हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

आता दुसरा प्रश्न. चांगलं तेवढं आठवावं, वाईट सोडून द्यावं, असं सांगणारे प्रेमानेच सांगतात, मला ठाऊक आहे. पण वाईट सोडून देण्याचं काम आपली आठवण न सांगताच करते, तेही फार घाईने. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात मिनिटभर हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तितकाच वेळ तेच पाणी, आणि वर आणखी अर्धा मिनिट, ज्यात पाणी हळूहळू फक्त एका अंशाने कोमट होत जातं. यातलं पुन्हा कोणतं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. आपण त्रास किती वेळ चालला ते लक्षात ठेवत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच मनात उरतं.

रविवारची रात्र म्हणजे नेमका तोच शेवट. मोठं नाव, दिवे, सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गात असतात. त्याखाली शनिवारच्या सगळ्या गोष्टी गाडल्या जातात: प्रवेशद्वाराशी उन्हात काढलेली रांग, रात्रभर गळलेला तंबू, फोनचं नेटवर्क कोलमडल्यामुळे हरवलेला मित्र. महिन्याभराने विचारलं तर जो तो "अरे, जबरदस्त झालं" म्हणतो, खोटं न बोलता. म्हणून बोलायचं ते आठवड्याच्या आत.

त्याच रात्री बोलू नये, हेही सांगते. दमलेला माणूस तक्रार करतो, सांगत नाही.

आणि बोलण्याआधी प्रत्येकाने आपापलं कागदावर लिहावं. सुरुवातीला आम्ही थेट गप्पाच मारायचो आणि जो जोरात बोलतो त्याचाच महोत्सव सगळ्यांचा होऊन बसायचा. चारजणांनी एकत्र बसून आठवायचं ठरवलं तर जेवढं निघतं, त्यापेक्षा चौघांनी वेगवेगळं आठवून मग एकत्र केलेलं जास्त भरतं, हे मानसशास्त्रात वारंवार दिसून आलं आहे. एकाच्या आठवणीचा ओघ दुसऱ्याची आठवण तोडतो. मोबाईलवरचे फोटोही आम्ही शेवटी काढतो. फोटो आधी आले की ज्याच्याकडे फोटो त्याची गोष्ट, आणि अंधारात, गर्दीत, रांगेत जे घडलं त्याचे फोटो कोणाकडेच नसतात.

सांगणाऱ्याला मधे तोडायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. "छे, इतका काही उशीर झाला नव्हता" हे वाक्य आमच्यात चालत नाही. त्याला तेवढा उशीर वाटला, एवढं पुरे.

असं सांगितल्याने काय मिळतं, हे एका गोष्टीवरून कळेल. शेवटच्या रात्री आमच्यातला एकजण उन्हाने आणि पाणी कमी पडल्याने गळून गेला. त्याला प्रथमोपचाराच्या तंबूत न्यावं लागलं आणि एक मैत्रीण त्याच्याजवळ थांबली. आम्हाला निरोप मिळाला तेव्हा मुख्य कार्यक्रम संपत आला होता. तिचा सगळा कार्यक्रम बुडाला म्हणून आम्ही हळहळत होतो. बैठकीत तिने "नकोसं" या बाजूला वेगळंच लिहिलं होतं: तंबूत पोचेपर्यंतची ती वीस-पंचवीस मिनिटं, तो खांद्यावर जड होत चाललेला आणि गर्दीतून कोणी वाट देत नव्हतं ते. आणि "भारी" या बाजूला लिहिलं होतं ते तंबूतलं. सलाईन लागल्यावर त्याने डोळे उघडले आणि कापडापलीकडून येणाऱ्या गाण्याचा ताल बोटांनी खाटेच्या दांड्यावर धरला. त्याने स्वतःच्या कागदावर भारी म्हणून लिहिलं होतं, "कोणीतरी थांबलं." आम्ही बाकीच्यांनी त्या रात्रीच्या दिव्यांबद्दल लिहिलं होतं. दोघांचे कागद ऐकल्यावर आमचे वाचायला कोणी उत्सुक नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

नकोशा गोष्टी सांगितल्यानेच आमचे कानही वाचले. एकाने सहज सांगितलं की परतल्यावर सकाळपर्यंत कानात बारीक शिट्टी वाजत होती. आणखी दोघे म्हणाले, आमच्याही. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्यालाच होतंय, सांगण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मर्यादा सुचवली आहे: पंधरा मिनिटांच्या सरासरीने आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, शिवाय लोकांना कानाचं संरक्षण मिळावं आणि थोडा वेळ शांत बसायला जागा असावी. शिट्टी वाजणं ही कानाला ताण पडल्याची खूण आहे, आणि पुन्हा पुन्हा ताण पडला की ती जाईलच याची खात्री नसते. आता आमच्यातला प्रत्येकजण इअरप्लग घालतो. स्पंजचे साधे प्लग वरचे सूर जास्त दाबतात आणि गाणं दबलेलं ऐकू येतं. वादक वापरतात तसे, सगळे सूर सारखेच कमी करणारे मिळाले तर तेच घ्यावेत. गाणं जसंच्या तसं राहतं, फक्त हळू होतं.

आता सगळ्यांत अवघड भाग. कोणाच्या "नकोसं" मध्ये आपल्यातल्याच कोणाचं नाव निघालं तर? निघतं. "तू मला न सांगता दुसऱ्या स्टेजकडे गेलास आणि मी तासभर तुला शोधत राहिले", हे समोरासमोर ऐकणं सोपं नसतं. पण ते न बोललेलं राहिलं तर पुढच्या वर्षी ती व्यक्ती "जमणार नाही रे" म्हणते आणि का ते कधीच कळत नाही. अशा बैठकीत आवाज चढल्याचे प्रसंग आमच्यात आले आहेत. त्या बैठकीमुळे मैत्री तुटल्याचा एकही प्रसंग नाही.

आणि कोणाला सांगायचंच नसेल तर भरीस पाडू नये. आमच्यातला एकजण एका वर्षी नुसता बसून होता, कागद कोरा. कोणी काही विचारलं नाही. बऱ्याच आठवड्यांनी त्याने एकट्या मला सांगितलं की मुख्य स्टेजसमोर गर्दी इतकी दाटली होती की पाय त्याच्या मर्जीने पडेनासे झाले, लोक सरकतील तसा तो सरकत होता, आणि छाती भरून श्वास घेता येत नव्हता. तो घाबरट नाही. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की गर्दीतला धोका झपाट्याने वाढतो, आणि त्यापुढे गर्दी पाण्यासारखी हलू लागते, एकट्या माणसाच्या ताकदीचा उपयोग उरत नाही. त्याला जे वाटलं ते अगदी खरं होतं. त्याच्या परवानगीने मी ते बाकीच्यांना सांगितलं.

तो अजून येतो. स्टेजच्या कडेला, बाहेर पडायच्या वाटेजवळ उभा राहतो, आणि आमच्यातलं कोणीतरी त्याच्याबरोबर तिथेच थांबतं. कोणत्या बँडला कोणी थांबायचं, हे लाइनअप, म्हणजे कोण कोण वाजवणार त्याची यादी, जाहीर झालं की आम्ही आधी ठरवतो, तिकिटं मग काढतो.