कुठे टोचली?

माजी विद्यार्थ्याने मनोगतात आपली प्रगती विनयाने, पण सगळी सांगायची, असा रिवाजच पडला आहे. शाळेत मला याच्या नेमकं उलट शिकवलं गेलं, म्हणून त्याबद्दल लिहितो.

आमच्या मराठीच्या बाई ऑफ तासाला ज्ञानेश्वरी घेऊन यायच्या. पाठांतर स्पर्धेची तयारी वेगळी, हे वेगळं. उघडलेल्या पानावर त्या एक पुठ्ठा ठेवायच्या. त्यात एका ओवीपुरती खिडकी कापलेली असे, बाकी पान झाकलेलं. तेवढीच ओवी मोठ्याने वाचायची, मग मनातल्या मनात घोळवायची. अर्थ त्या नंतर सांगायच्या. आधी विचारायच्या, "कुठे टोचली?"

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं पाच श्लोकांत येतात आणि त्यांतलं पहिलं अमानित्व. विद्वत्ता नाही, स्मरणशक्ती नाही. मानाची हाव नसणं. (हे ऐकून वर्गातले हुशार जरा नाराज झाले होते.) ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्या सांगितल्या, पण इथे ते चांगलेच रेंगाळतात. कोणी मान दिला, गुण वाखाणले, तेही अंगी खरोखर असलेले, की अमानी माणसाचं काय होतं?

तैं गजबजों लागे कैसा ।
व्याधें रुंधला मृगु जैसा ।

पारध्याने कोंडलेलं हरीण! आम्ही तर कौतुकासाठी जीव टाकणारी पोरं. ओवी टोचली ती तिथेच.

तिचा उपयोग पुढे नोकरीत कळला. सत्काराच्या रात्री झोप लागत नाही. कोण काय बोललं, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, उत्तराच्या भाषणात काय राहून गेलं, हेच डोक्यात फिरत राहतं. अपमानाने उडते तितकीच झोप मानानेही उडते. तेव्हा मी डोळे मिटून ते हरीण समोर आणतो, पुन्हा पुन्हा, घाई न करता. स्तुती गोड लागायची थांबत नाही. तिची उजळणी थांबते. मनःशांती म्हणून मला कळली ती एवढीच, आणि ती पुरते. अध्यायच्या अध्याय वाचून संपवण्यात हे होत नाही, असं माझं मत. पारायणाला माझा विरोध नाही, पण एका ओवीपाशी अडून बसणं हे काम निराळं.

एकदा वर्गात एकाने उभं राहून सांगितलं, "बाई, मी रोज चिंतन करतो." बाई रागावल्या नाहीत. पुठ्ठा थोडा खाली सरकवून म्हणाल्या, "वाच." पुढचं लक्षण होतं अदंभित्व. लोभी माणूस जीव गेला तरी पुरलेलं धन कुठे आहे ते सांगत नाही, तसं आपलं पुण्य लपवावं, असं तिथे आहे.

तेव्हापासून सध्या कुठली ओवी चालू आहे, हे मी घरीही सांगत नाही. इथेही सांगणार नाही.