स्क्रूड्रायव्हर सोडून सगळं

आमच्याकडे टूलबॉक्स आहे, पण माळ्यावर, मग काय, स्क्रूला सुरी, खिळ्याला बत्ता आणि नळाचा जाम झालेला नट सोडवायला सांडशी. बत्ता खरंच भारी चालतो, वजन असतं ना. सुरीचं मात्र टोक जातं, कारण धार टिकावी म्हणून पोलाद कडक असतं आणि कडक पोलाद पिळलं की वाकण्याआधी तुटतं. सगळ्यात डेंजर म्हणजे टू-पिन चार्जर जात नाही म्हणून सॉकेटच्या वरच्या भोकात पेन खुपसणं. थ्री-पिन प्लगची वरची, म्हणजे अर्थिंगची पिन लांब असते, ती आधी आत जाऊन खालच्या भोकांची झडप उघडते, पोरांनी काही घालू नये म्हणून केलंय ते, आणि आपण तीच सेफ्टी पेनाने उघडतो! अडॅप्टर कुठल्याही इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळतो राव, तो आणा. बत्त्याला मात्र माझा फुल सपोर्ट.